मुंबईची जुनी आलिशान सेडान घेताय? बयाणा देण्याआधी टायर बघा!

अंधेरी (एमएच ०२) किंवा बोरिवली (एमएच ४७) पासिंगची भारी सेडान स्वस्तात मिळतेय? आधी चाकाजवळ खाली बसा. टायरच्या बाजूला शेवटचे चार आकडे वाचा. २३१९ म्हणजे २०१९ चा २३ वा आठवडा. गाडी कमी पळाली तरी जुनं रबर कडक होतं, भेगा पडतात. नक्षी १.६ मिलिमीटरच्या खाली गेली तर टायर बदलायलाच हवा.

दिसायला छान म्हणून मोठे अलॉय टाकलेत? मग टायरची भिंत बारीक होते आणि आपल्याकडच्या एका खड्ड्यात रिम वाकते. कंपनीचा साईज दाराच्या चौकटीवरच्या स्टिकरवर किंवा गाडीच्या पुस्तकात असतो. तोच ठेवा आणि नव्या टायरचा खर्च भावातून कमी करून घ्या.