एक चौरस मीटर गवताचा हिशेब

माळावर एक मीटर लांब, एक मीटर रुंद चौकट टाकायची. आतले गवत अगदी जमिनीलगत कापायचे. हिरवे वेगळे, वाळलेले वेगळे. ओव्हनमध्ये वजन घटायचे थांबेपर्यंत ते सुकवायचे आणि तराजूवर ठेवायचे. मग खालची माती खणून चाळणीवर धुवायची, कारण गवताचा बराचसा संसार जमिनीखाली असतो. मुळांचेही वजन घ्यायचे. पुढच्या महिन्यात शेजारच्या तुकड्यावर पुन्हा तेच. अशा नोंदींतून माळाने वर्षभरात किती कमावले ते कळते.

भारतात असे मोजमाप करणारे इकॉलॉजीचे शास्त्र उभे केले ते प्रा. रामदेव मिश्र यांनी. त्यांना भारतीय इकॉलॉजीचे जनक म्हणतात.

26 ऑगस्ट 1908 रोजी जन्मलेल्या मिश्रांनी 1937 मध्ये इंग्लंडच्या लीड्स विद्यापीठातून डब्ल्यू. एच. पिअरसॉल यांच्या मार्गदर्शनाखाली पीएच.डी. केली. तिथल्या तलावांत कुठली पाणवनस्पती नेमकी कुठे वाढते आणि का, याचे उत्तर त्यांनी तळाच्या गाळात शोधले. भारतात परतल्यावर बनारस हिंदू विद्यापीठात मात्र प्रश्न निराळे होते. इथले वेळापत्रक मोसमी पाऊस ठरवतो. चार महिन्यांत गवत कमरेएवढे होते, मग सुकते. उन्हाळ्याआधी गळालेला पाचोळा पावसाच्या उबदार ओलीत झपाट्याने कुजतो आणि त्यातली पोषकद्रव्ये पुन्हा मुळांकडे जातात. थंड देशांतले आकडे इथे काय कामाचे? उष्ण कटिबंधातल्या जंगलांची आणि गवताळ माळांची उत्पादकता, त्यांतले पोषकद्रव्यांचे चक्र इथेच मोजायला हवे होते. मिश्रांनी त्याचा पाया घातला.

सरकारनेही त्यांचे ऐकले. त्यांच्या प्रयत्नांतून 1972 मध्ये पर्यावरण नियोजन व समन्वयाची राष्ट्रीय समिती नेमली गेली आणि पुढे केंद्रात पर्यावरण मंत्रालय आले.

तरी त्यांची सर्वांत मोठी कमाई म्हणजे विद्यार्थी. इकॉलॉजीचा देशातला पहिला पदव्युत्तर अभ्यासक्रम त्यांनी आखला. 1968 मध्ये ‘इकॉलॉजी वर्क बुक’ लिहिले, तेही प्रत्यक्ष कामासाठी. पन्नासहून अधिक जणांनी त्यांच्या हाताखाली पीएच.डी. केली आणि ते देशभरातल्या विद्यापीठांत, संशोधन संस्थांत गेले. तिथे हा विषय त्यांनी सुरू केला. मिश्रांचेच विद्यार्थी जे. एस. सिंह यांना 1980 मध्ये भटनागर पुरस्कार मिळाला.

आपल्या महाविद्यालयांतल्या वनस्पतिशास्त्राच्या शिक्षकांनी या पावसाळ्यात मुलांना आवारातल्या गवतावर न्यावे. चौकट, कात्री, ओव्हन आणि तराजू एवढ्यावर सुरुवात होते.