आभाळाला पायऱ्या

यंदाच्या गॅदरिंगची टायटल फिल्म ज्यांनी पाहिली, त्यांना ते आभाळ आठवत असेलच! माझ्या लॅपटॉपवर झक्क दिसणारं संध्याकाळचं आभाळ मोठ्या पडद्यावर गेलं आणि त्यात आडवे पट्टेच पट्टे. मागे बसलेल्या आमच्या मेसच्या मावशींनी विचारलं, "आभाळाला पायऱ्या कशा गं पडल्या?" याला बँडिंग म्हणतात, पण मावशींचा शब्द मला जास्त पटला.

सगळ्यांनी प्रोजेक्टरला दोष दिला. मीही दिला. रात्री रूमवर येऊन आफ्टर इफेक्ट्समध्ये प्रोजेक्ट उघडला, तेव्हा कळलं की गुन्हेगार मीच. प्रोजेक्ट पॅनेलच्या तळाशी बारीक अक्षरात '८ बीपीसी' असं लिहिलेलं होतं. म्हणजे लाल, हिरवा, निळा या प्रत्येक चॅनेलला ८ बिट, अर्थात २५६ पातळ्या.

तुम्ही म्हणाल, आपले फोटोही ८ बिटचेच असतात, ते कुठे बिघडतात? बरोबर आहे. बघायला ८ बिट पुरतात, हिशेबाला पुरत नाहीत. प्रॅक्टिकलच्या जर्नलमध्ये प्रत्येक स्टेपला दशांश उडवत गेलं की शेवटचं उत्तर कुठल्या कुठे जातं ना, तसंच.

माझं आभाळ वरून खाली ० ते २०० असं चढत होतं. रात्रीचा मूड हवा म्हणून मी ते पाचपट काळोखं केलं, म्हणजे उरल्या जेमतेम ४० पातळ्या. मग कमिटी म्हणाली, फारच अंधार आहे. खालची सेटिंग बदलायचा कंटाळा! मी वर एक ॲडजस्टमेंट लेयर टाकून पाचपट उजेड केला. आकडे परत २०० पर्यंत गेले, पण मधल्या गाळलेल्या पातळ्या परत कुठून येणार? १०८० ओळींत ४० पायऱ्या, म्हणजे २७ ओळींची एक. पडदा १२ फूट उंच धरला, तर एकेक पायरी साडेतीन इंचांहून मोठी. मावशींना दिसणारच.

उपाय हास्यास्पद सोपा आहे. ऑल्ट दाबून त्या 'बीपीसी'वर क्लिक करायचं, की १६ बिट. आता पातळ्या ३२ हजारांच्या वर, त्यामुळे पाचपट काळोखातही साडेसहा हजार उरतात. शेवटी फाइल ८ बिटची काढली तरी चालतं, कारण गोळाबेरीज एकदाच होते. तरी थोडी शंका होती म्हणून अगदी बारीक नॉइज टाकला, त्याने उरलेसुरले काठ मोडतात. मात्र हा उपाय मूळ फोटोतच पट्टे असतील तर चालत नाही. भांडं मोठं घेतलं म्हणून दूध वाढत नाही.

आणखी एक क्लिक केली की ३२ बिट फ्लोट. इथली गंमत वेगळी आहे. ८ आणि १६ बिटमध्ये पांढऱ्याच्या वर काही नसतं, भिंतही १ आणि बल्बही १. फ्लोटमध्ये बल्ब ५ असू शकतो. उजेड निम्मा करा, भिंत ०.५ होऊन करडी पडते, बल्ब २.५ वर तसाच झगझगीत! म्हणून सिनेमावाले फ्लोटमध्येच काम करतात. न्यूक तर आत सगळं ३२ बिट फ्लोटमध्येच चालवतं, आणि इंडस्ट्रियल लाइट अँड मॅजिकने २००३ मध्ये खुलं केलेलं ओपनईएक्सआर याच कामासाठी आहे.

पण रॅमचा विचार करा. अल्फा धरून १९२० बाय १०८० ची एक फ्रेम ८ बिटमध्ये ८.३ एमबी, १६ मध्ये १६.६, ३२ मध्ये ३३.२. माझ्या लॅपटॉपने फ्लोटचं नाव काढताच पंख्याचा भोंगा सुरू केला, मी मुकाट्याने १६ वर आले. शिवाय काही जुने इफेक्ट वरच्या बिटमध्ये चालतच नाहीत, त्यांच्या नावाशेजारी इशाऱ्याचं चिन्ह येतं. माझा एक ग्लो तसाच निघाला, काढून टाकला.

दुसऱ्या दिवशी फिल्म पुन्हा लावली. मावशी तेव्हा जेवणाच्या गडबडीत होत्या. त्यांच्यासाठी फाइल पेन ड्राइव्हवर ठेवली आहे.