नेमणूक शासनाची, अंकुश कोणाचा?

मुंबईच्या महापौराला मान आहे. कारभाराचे अधिकार मात्र आयुक्ताच्या हाती आहेत. 1888 च्या महापालिका कायद्यान्वये आयुक्ताची नेमणूक राज्य शासन करते, आणि तीही एका वेळी जास्तीत जास्त तीन वर्षांसाठी. या नेमणुकीत नगरसेवकांना मत नाही. त्यांच्या हाती कायद्याने एक अंकुश मात्र दिला आहे. एकूण सदस्यसंख्येच्या किमान पाच-अष्टमांश मतांनी ठराव झाला, तर आयुक्ताला तत्काळ दूर करावे लागते. साधे बहुमत येथे पुरत नाही, आणि ते योग्यच आहे. क्षणिक रोषापायी कर्तव्यदक्ष अधिकाऱ्याचा बळी जाऊ नये.

परंतु अंकुश धरणारा हातच उरला नाही तर? मार्च 2022 मध्ये सभागृहाची मुदत संपली, निवडणूक लांबली आणि आयुक्तच प्रशासक झाले. अंदाजपत्रक मांडणारे तेच आणि मंजूर करणारेही तेच! तीन वर्षांहून अधिक काळ पाच-अष्टमांशांचे कलम कागदावरच राहिले. पाच वर्षांची मुदत संपण्यापूर्वी निवडणूक झाली पाहिजे, असे राज्यघटना सांगते. ते बंधन पाळले गेले नाही, तर पदच्युतीचा नियम कितीही काटेकोर असो, नागरिकांच्या दृष्टीने तो निष्प्रभच ठरतो.