पुंगळी पुन्हा भरताना

अमेरिकेतल्या नेमबाजीच्या मैदानांवर फैरी थांबल्या की काही माणसं कमरेत वाकून रिकाम्या पितळी पुंगळ्या वेचू लागतात. त्यात हसण्यासारखं काही नाही. काडतुसात सगळ्यात महाग भाग बहुधा ही पुंगळीच, आणि बार उडाल्यावर तीच शाबूत राहते. जुना प्रायमर, म्हणजे बुडातली ठिणगी पाडणारी टोपी, काढायचा, फुगलेली पुंगळी मूळ मापात आणायची, नवा प्रायमर बसवायचा, दारू मोजून घालायची, वर गोळी दाबायची. तिथे याला ‘रीलोडिंग’ म्हणतात. स्वतःपुरतं भरायचं तर तिथल्या केंद्र सरकारचा परवाना लागत नाही. विकायचं ठरवलं की लागतो.

१८७० च्या दशकात गवताळ मैदानांत बायसनमागे फिरणारे शिकारी तळावर बसून काडतुसं भरत, कारण दुकान गाठायला कित्येक दिवस लागत. घरोघरचा छंद झाला तो दुसऱ्या महायुद्धानंतर. कॅन्ससच्या ब्रूस हॉजडनने लष्कराची उरलेली दारू विकत घेऊन किरकोळीत विकायला काढली. आरसीबीएस ही कंपनी १९४३ ची, हॉर्नडी १९४९ ची. १९५८ मध्ये रिचर्ड ली यांनी तर हातोडीने ठोकून काडतूस भरायचा, खिशात मावेल असा संच आणला.

नवख्याचा डोळा मात्र जातो तो ‘प्रोग्रेसिव्ह’ प्रेसवर. दांडा एकदा ओढला की एक तयार काडतूस बाहेर! माझं मत विचाराल तर पहिलं यंत्र हे नकोच. त्यात एकाच वेळी चार-पाच कामं चालतात आणि चूक कुठे झाली ते कळेपर्यंत पुढची दहा काडतुसं भरून झालेली असतात. साधी ‘सिंगल स्टेज’ प्रेस घ्यावी. तासाला जेमतेम पन्नास काडतुसं होतात, कंटाळाही येतो, पण प्रत्येक पुंगळी हातातून आणि नजरेखालून जाते. प्रेसमध्ये बसणारी डाय, म्हणजे पुंगळी मापात आणणारा साचा, आपल्या कॅलिबरचीच लागते. पिस्तुलासाठी कार्बाइडची घेतली तर पुंगळीला वंगण लावायची कटकट वाचते.

वाचलेला पैसा काट्यात घालावा. दारू ग्रेनमध्ये मोजतात. एका पौंडात ७००० ग्रेन, म्हणजे एक ग्रेन साधारण ६५ मिलिग्रॅम. आपल्या सोनाराची गुंज याच्या जवळजवळ दुप्पट भरते. पिस्तुलाच्या काडतुसात अनेकदा पाचेक ग्रेनच दारू असते, म्हणून दशांश ग्रेन दाखवणारा काटा हवा. तो तपासायची वजनंही हवीत आणि काटा पंख्याच्या झोतात ठेवू नये. काडतुसाची लांबी पाहायला कॅलिपर लागतो.

काट्याच्याही आधी घ्यायची वस्तू म्हणजे छापील मॅन्युअल. कुठल्या गोळीला कुठली दारू किती, हे त्यातूनच घ्यायचं आणि सुरुवात सांगितलेल्या किमान मापापासून करायची. मित्राने सांगितलेलं माप त्याच्यापाशीच राहू द्यावं. टेबलावर एका वेळी दारूचा एकच डबा ठेवावा, कारण वेगवेगळ्या दारू दिसायला सारख्या असतात.

दारू घालून झाली की पन्नास भोकांच्या लाकडी ठोकळ्यात पुंगळ्या उभ्या करून बॅटरीच्या उजेडात प्रत्येकीत डोकवायचं. एखादी कोरी राहिली तर नुसत्या प्रायमरच्या जोरावर गोळी नळीत अडकते आणि मागून दुसरी झाडली की नळी फुटू शकते. एखादीत दुप्पट पडली तर बंदूकच हातात फुटण्याची भीती. रायफलच्या पुंगळीवर बुडाजवळ चकचकीत वर्तुळ दिसलं तर पितळ तिथे पातळ झालंय. ती भंगारात टाकावी. पुंगळीच्या आत बुडाशी मधोमध एक छिद्र असेल तर प्रायमर ‘बॉक्सर’ पद्धतीचा. दोन बारीक छिद्रं दिसली तर तो ‘बर्दान’. नेहमीच्या डायची पिन तिथे मोडते. गंमत अशी की बॉक्सर इंग्रज होता आणि अमेरिकेत चालते ती त्याची पद्धत. बर्दान अमेरिकन, त्याची युरोपात रुजली.

डोळ्यांना चष्मा हवाच. शिशाचा संबंध असल्याने काम संपल्यावर हात साबणाने धुवावेत, मध्ये काही खाऊ नये.

पैसे वाचतात का? नऊ मिलिमीटरसारख्या खपाच्या काडतुसात फारसे नाहीत, दुर्मीळ किंवा मोठ्या कॅलिबरमध्ये बरेच. एरवी वाचलेल्या पैशांत माणूस जास्त गोळ्या झाडतो, एवढंच.

अमेरिकेतल्या मराठी वाचकांनी आपल्या राज्याचे आणि गावचे नियम आधी पाहावेत. भारतात मात्र परवान्याशिवाय काडतूस बनवायला १९५९ च्या शस्त्र कायद्याच्या पाचव्या कलमाने बंदी आहे, आणि २०१९ च्या दुरुस्तीनंतर त्याची शिक्षा किमान सात वर्षांपासून जन्मठेपेपर्यंत जाते.