यूअर्ट, जेम्स कॉसर
(२६ नोव्हेंबर १८५१ – ३१ डिसेंबर १९३३). स्कॉटिश प्राणिवैज्ञानिक. घोडा व झेब्रा यांच्या संकरासंबंधीचे प्रयोग, घोड्याच्या भ्रूणविकासाचा अभ्यास आणि विद्यापीठात पशुप्रजनन व आनुवंशिकी या विषयांच्या अध्यापनाची घातलेली पायाभरणी यांबद्दल प्रसिद्ध. त्यांचा जन्म स्कॉटलंडमधील एडिंबरोजवळच्या पेनिकुक या गावी झाला. एडिंबरो विद्यापीठातून १८७४ मध्ये वैद्यकाची पदवी घेतल्यावर काही काळ ते तेथेच शारीराचे निदर्शक होते. त्यानंतर लंडन येथील युनिव्हर्सिटी कॉलेजात त्यांनी प्राणिविज्ञान संग्रहालयाची व्यवस्था पाहिली. १८७८ मध्ये ॲबर्डीन विद्यापीठात व १८८२ मध्ये एडिंबरो विद्यापीठात निसर्गेतिहासाचे प्राध्यापक म्हणून त्यांची नेमणूक झाली. हे दुसरे पद त्यांनी १९२७ पर्यंत, म्हणजे ४५ वर्षे सांभाळले. लंडनच्या रॉयल सोसायटीचे सदस्य म्हणून १८९३ मध्ये त्यांची निवड झाली.

आरंभी त्यांनी सागरी प्राणी व मासे यांवर संशोधन केले. जॉर्ज रोमानीझ यांच्याबरोबर तारामीन व तिच्या वर्गातील इतर प्राण्यांच्या चलनवलनाचा त्यांनी केलेला अभ्यास विशेष गाजला. १८९० नंतर मात्र त्यांचे लक्ष घोड्याकडे वळले. घोड्याच्या पायात आज एकच बोट पूर्णपणे वाढलेले असते व त्याच्या दोन्ही बाजूंस दोन बारीक हाडे अवशेषरूपाने राहिलेली असतात. भ्रूणावस्थेत या हाडांच्या टोकांशी बोटांच्या पेऱ्यांचे अंकुर दिसतात, हे यूअर्ट यांनी दाखवून दिले. घोड्याचे पूर्वज अनेक बोटांचे होते, या जीवाश्मांवरून काढलेल्या अनुमानाला त्यामुळे भ्रूणविज्ञानाचा आधार मिळाला. गर्भधारणेनंतर साधारणपणे सहाव्या-सातव्या आठवड्यांच्या सुमारास गर्भाचे पोषण पीतक कोशाकडून वारेकडे सोपविले जाते. हा संक्रमणाचा काळ नाजूक असून या काळात गर्भपाताचा धोका अधिक असतो, असे त्यांनी १८९७ मध्ये प्रतिपादन केले. गाभण घोडीला जपण्याच्या दृष्टीने अश्वपालकांना हे ज्ञान प्रत्यक्ष उपयोगाचे होते.

पेनिकुक येथील प्रयोग : मादीचा एकदा एखाद्या नराशी संयोग झाला की, पुढे अन्य नरांपासून होणाऱ्या संततीतही पहिल्या नराची लक्षणे उतरतात, अशी समजूत त्या काळी अश्वपैदासकार, श्वानपालक व कित्येक शास्त्रज्ञ यांच्यात प्रचलित होती. जर्मन जीववैज्ञानिक आउगुस्ट व्हाइसमान यांनी या कल्पनेला ‘टेलेगनी’ (पूर्वनरप्रभाव) असे नाव दिले. तिचा मुख्य आधार म्हणजे लॉर्ड मॉर्टन यांच्या घोडीचे उदाहरण होय. या घोडीला प्रथम क्वागा या झेब्रावर्गीय प्राण्यापासून संकरज शिंगरू झाले. नंतर काळ्या अरबी घोड्यापासून झालेल्या तिच्या शिंगरांच्या अंगावर पट्टे दिसले व त्यांची आयाळही ताठ होती. रॉयल सोसायटीने १८२१ मध्ये प्रसिद्ध केलेली ही हकीकत चार्ल्‌स डार्विन यांनीही ग्राह्य मानली होती. हर्बर्ट स्पेन्सर यांनी १८९३ मध्ये व्हाइसमान यांच्या जननद्रव्य सिद्धांताविरुद्ध याच समजुतीचा दाखला दिला. त्यामुळे हा प्रश्न केवळ पैदासकारांच्या अनुभवाचा न राहता आनुवंशिकतेच्या मूळ तत्त्वाचा बनला. व्यवहारातही तिचे परिणाम गंभीर होते. हलक्या जातीच्या नराशी एकदा संबंध आलेली उत्तम घोडी किंवा कुत्री शुद्ध पैदाशीस कायमची निकामी झाली, असे मानले जाई. या समजुतीची छाया स्त्रियांच्या पुनर्विवाहाविषयीच्या कल्पनांवरही पडलेली होती.

या समजुतीची प्रयोगाने परीक्षा घ्यावी, या हेतूने यूअर्ट यांनी १८९५ मध्ये पेनिकुक येथे प्रयोगांना प्रारंभ केला. शेवटचा क्वागा ॲम्स्टरडॅमच्या प्राणिसंग्रहालयात १८८३ मध्येच मरण पावला होता. म्हणून त्यांनी बर्चेल जातीचा ‘मॅटोपो’ नावाचा झेब्रा नर म्हणून वापरला. ‘मुलॅटो’ या पश्चिम हायलँडमधील तट्टू जातीच्या घोडीला त्याच्यापासून १२ ऑगस्ट १८९६ रोजी ‘रोम्युलस’ हे संकरज शिंगरू झाले. नंतर तिचा अरबी घोड्याशी संयोग घडवून आणला असता झालेल्या शिंगराच्या अंगावर काही पुसट पट्टे आढळले. एवढ्यावरूनच निष्कर्ष काढला असता, तर जुनी समजूत खरी ठरली असती. परंतु यूअर्ट यांनी तुलनेसाठी झेब्र्याशी कधीही संबंध न आलेल्या घोड्यांची शिंगरेही तपासली. त्यांच्याही अंगावर तसेच पट्टे आढळले. साहजिकच अशा पट्ट्यांचा पहिल्या नराशी संबंध जोडता येत नाही, हे स्पष्ट झाले. शुद्ध घोड्यांत पट्टे आढळणे नवीन नव्हते. भारतातील काठेवाडी घोड्यांत पाठीवर व पायांवर पट्टे सर्रास असतात, याची नोंद डार्विन यांनीच केली होती. मॉर्टन यांच्या घोडीच्या बाबतीत अशी तुलना झालीच नव्हती. ससे, कबुतरे व कुत्री यांवरील प्रयोगांतही यूअर्ट यांना पूर्वनरप्रभावाचा पुरावा मिळाला नाही. हे निष्कर्ष त्यांनी द पेनिकुक एक्सपेरिमेंट्स (१८९९) या ग्रंथात मांडले.

संकरज शिंगरांच्या अंगावरील पट्टे पित्याच्या पट्ट्यांहून संख्येने अधिक व मांडणीने वेगळे होते. याचा अर्थ यूअर्ट यांनी पूर्वजलक्षणांकडे परत जाणे असा लावला. मेंडेल यांचे नियम तोवर उजेडात आले नव्हते, हे येथे ध्यानात घेतले पाहिजे. संकरजांच्या वंध्यत्वाचे कारणही नंतरच्या संशोधनाने स्पष्ट झाले. घोड्यात ६४ व बर्चेल झेब्र्यात ४४ गुणसूत्रे असतात. त्यामुळे संकरजात ती ५४ होतात व जननकोशिका बनताना त्यांच्या जोड्या नीट जुळत नाहीत.

घोड्याचा उगम : मध्य आशियातील प्रझेवाल्‌स्की घोडा हा घोडा व रानगाढव यांचा संकरज असावा, अशी शंका काहींनी घेतली होती. यूअर्ट यांनी रानगाढव व मंगोल तट्टू यांचा संकर घडवून आणला आणि संकरज प्रझेवाल्‌स्की घोड्याहून भिन्न असल्याचे दाखविले. या घोड्यात ६६ गुणसूत्रे असल्याचे पुढे आढळून आल्याने तो संकरज नसल्याचे सिद्ध झाले. पाळीव घोडे निरनिराळ्या रानटी प्रकारांपासून उत्पन्न झाले, हे त्यांचे १९०४ मधील मत मात्र टिकले नाही. प्राचीन डीएनएच्या २०२१ मधील अभ्यासानुसार आधुनिक पाळीव घोड्यांचा प्रसार व्होल्गा व डॉन नद्यांच्या खालच्या खोऱ्यांतील गवताळ प्रदेशातून सुमारे ४,००० वर्षांपूर्वी झाला.

अध्यापन व वारसा : पशुप्रजनन हा अनुभवी पैदासकारांच्या हातोटीचा भाग न राहता विद्यापीठीय अध्ययनाचा विषय व्हावा, यासाठी यूअर्ट यांनी प्रयत्न केले. त्यांच्या खटपटीने एडिंबरो विद्यापीठात १९११ मध्ये आनुवंशिकीच्या अध्यापनाचे स्वतंत्र पद निर्माण झाले व त्यावर आर्थर डार्बिशर यांची नेमणूक झाली. डार्बिशर १९१५ मध्ये मरण पावल्याने व पहिल्या महायुद्धामुळे या कार्यात खंड पडला. १९१९ मध्ये पशुप्रजनन संशोधन विभाग स्थापन झाला व १९२१ मध्ये एफ्. ए. ई. क्रू त्याचे संचालक झाले. पशुआनुवंशिकीच्या संशोधनाची ही परंपरा पुढे पेनिकुकजवळच्याच रोझ्लिन येथील संस्थेपर्यंत पोहोचली व तेथे १९९६ मध्ये ‘डॉली’ ही मेंढी प्रौढ कोशिकेपासून जन्मास आली.

सस्तन प्राण्यांतील पूर्वनरप्रभावाला यूअर्ट यांच्यानंतर पुष्टी मिळालेली नाही. एका माशीच्या जातीत पहिल्या नराच्या आहारमानाचा दुसऱ्या नराच्या संततीच्या आकारमानावर परिणाम होतो, असे ऑस्ट्रेलियातील संशोधकांना २०१४ मध्ये आढळले. परंतु तो बहुधा वीर्यद्रवाचा परिणाम असून जुन्या समजुतीशी त्याचा संबंध नाही. यूअर्ट यांच्या प्रयोगांचे चिरस्थायी महत्त्व त्यांच्या पद्धतीत आहे. एकाच नवलाच्या घटनेवर विसंबून न राहता तुलनेसाठी नियंत्रित पैदास ठेवल्यावाचून आनुवंशिकतेविषयी अनुमान काढू नये, हा धडा त्यांनी पैदासकार व विद्यार्थी यांच्यापुढे ठेवला. पेनिकुक येथे त्यांचे निधन झाले.