गासडी, तार आणि एकस्व

रुई दाबणे सोपे. दाबलेली रुई तशीच धरून ठेवणे अवघड. आमच्या बुलढाणा जिल्ह्यात ही गोष्ट कुणाला समजावून सांगावी लागत नाही. १८७० साली जलंबहून खामगावापर्यंत आठ मैलांचा लोहमार्ग झाला आणि लॉर्ड मेयो त्याच्या उद्घाटनाला आला, तो काही इथली हवा खायला नव्हे. वऱ्हाडचा कापूस मुंबईच्या धक्क्यावर लवकर पोचावा, एवढाच त्यातला हेतू. पण मोकळी रुई डब्यात भरायची तर डबा भरतो आणि वजन काही भरत नाही. म्हणून ती दाबायची, तिची गासडी करायची आणि प्रेसचा दाब निघण्याच्या आत तिला लोखंडी पट्ट्यांनी आवळायचे. पूर्वी ही गासडी ३९२ पौंडांची धरीत, आता १७० किलोंची धरतात. पट्टी निसटली तर आतली रुई उसळी मात्र तशीच घेते.

बांधणे ही क्रिया आपल्या इतकी अंगवळणी पडली आहे, की तिच्यात शोध लावण्याजोगे काही असेल असे वाटतच नाही. कडब्याची पेंढी अंबाडीच्या वाखाने बांधणारा माणूस गाठीकडे पाहतही नाही. त्याच्या तोंडात दुसरेच बोलणे चाललेले असते. हीच गाठ यंत्राकडून मारून घ्यायची म्हटली, की भल्याभल्यांची मती गुंग होते. माणसाला दहा बोटे आहेत, यंत्राला एकही नाही!

हे कोडे अमेरिकेत गव्हाच्या शेतात सुटले. चार्ल्स विदिंग्टन नावाच्या एका घड्याळजीने १८७२ च्या सुमारास तारेने पेंढी बांधणारे यंत्र सिद्ध केले, आणि मॅककॉर्मिकच्या प्रसिद्ध कारखान्याने ते उचलले. दोन पोलादी हात पेंढीभोवती तार फिरवीत, टोके पिळीत, तार कापीत आणि पेंढी खाली सोडून देत. तारेला गाठ मारावी लागत नाही, पीळ पुरतो, ही त्यातली खरी युक्ती. कौतुक झाले, यंत्रे खपली. आणि मग तक्रारी सुरू झाल्या. तारेचे तुकडे काडात राहात, काड गुरांपुढे जाई.

आपल्याकडच्या कोणत्याही पशुवैद्याला यातला धोका विचारा. गुरे आधी गिळतात आणि मग सवडीने रवंथ करतात. तारेचा तुकडा पोटाच्या जाळीदार कप्प्यात जाऊन बसतो. तिथून हृदय अगदी जवळ. पोटाच्या हालचालीबरोबर ती तार पुढे पुढे सरकते. बैल खाणे टाकतो, कुंथतो, उतारावर पाय टाकायला कचरतो, आणि धन्याला वाटते की त्याला कुणाची तरी दृष्ट लागली.

म्हणून अमेरिकन शेतकऱ्याला तारेऐवजी सुतळी हवी झाली. सुतळीला मात्र पीळ पुरत नाही, गाठच हवी. ती गाठ मारणारे यंत्र जॉन ॲपलबी याने तयार केले आणि १८७९ साली त्याचे पेटंट मिळविले. आजही ट्रॅक्टरमागे गठ्ठे बांधीत जाणाऱ्या यंत्रांतून त्याच जातीची गाठ पडत असते. आता मौज पाहा. त्या यंत्रातला पक्ष्याच्या चोचीसारखा फिरता आकडा ॲपलबीचा नव्हताच. जेकब बीहेल नावाच्या गृहस्थाने तो १८६४ मध्येच पेटंट करून ठेवला होता. मग ॲपलबीला पेटंट मिळाले कसे?

या प्रश्नाशी माझा, म्हणजे मराठी शिकविणाऱ्या माणसाचा, काय संबंध, असे वाचक विचारतील. संबंध आला तो एका जुन्या विद्यार्थ्यामुळे. कवितेच्या तासाला हा हटकून खिडकीबाहेर बघे. आता त्याने खामगावच्या बाजूला वेल्डिंगचा कारखाना टाकला आहे आणि सोयाबीनच्या कुटाराचे गठ्ठे तारेने बांधणारे एक लहानसे यंत्र केले आहे. एके दिवशी तो कागदांची चळत घेऊन घरी आला. "सर, पेटंट घ्यायचं हाय. मी लिहिलं हाय, तुमी फकस्त भाषा पाहा."

त्याच्या यंत्राची खुबी अशी : तारेच्या एका टोकाची कडी होते, दुसरे टोक तिच्यातून जाऊन मागे वळते. सोडताना तार तोडावी लागत नाही. एक हिसका दिला की अख्खी तार बाहेर येते आणि पुन्हा कामाला लागते. काडात तुकडा राहण्याचा प्रश्नच नाही. या दोन्ही घड्या एक वाकडा आकडा एकाच फेऱ्यात घालतो. विंचवाच्या नांगीसारखा दिसतो म्हणून कारखान्यातल्या पोरांनी त्याचे नाव 'विंचू' ठेवले आहे.

भाषा पाहायची तर विषय कळायला हवा, म्हणून मी कायदा वाचू लागलो. सरकारी मराठीत पेटंटला 'एकस्व' म्हणतात. शब्द चांगला आहे, पण कारखान्यात तो उच्चारला तर लोक इकडेतिकडे बघू लागतात. आपल्या देशात या हक्काचा पहिला कायदा १८५६ चा. त्याखाली पहिला अर्ज आला तो कलकत्त्याच्या द पेनिंग नावाच्या इंजिनियराचा, पंखा ओढणाऱ्या यंत्रासाठी! साहेबाला वारा हवा आणि पंखेवाला डुलक्या घेतो, या अडचणीतून आपला पेटंटचा इतिहास सुरू झाला. आजचा कायदा १९७० चा, पुढे सुधारलेला. हक्क वीस वर्षांचा. आणि वेगळी मागणी केल्याशिवाय परीक्षा सुरू होत नाही.

परीक्षक विचारतो ते थोडक्यात असे : हे आधी कुठे छापले गेले आहे का, वापरले गेले आहे का? गेले नसेल, तर आधीच्या वस्तू ठाऊक असलेल्या कुशल कारागिराला हे सहज सुचले असते का? यातला दुसरा प्रश्न जीवघेणा. मिर्झापूरच्या भांड्यांचा खटला यासाठी वाचण्यासारखा आहे. लेथवर घासताना भांडे निसटू नये म्हणून दुसऱ्या बाजूने टोकदार दांडीचा दाब देण्याची रीत एका कारखान्याने काढली आणि तिचे १९५१ सालापासूनचे एकस्व मिळविले. शेजारच्याने तीच रीत उचलली. भांडण सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेले आणि १९७८ साली निकाल लागला : ही कारखान्यातली सुधारणा आहे, शोध नव्हे, एकस्व रद्द. तशी दांडी लेथला पूर्वीपासून होतीच, ती भांड्याला लावणे कोणाही कसबी माणसाला सुचले असते. ॲपलबी तरला तो इथेच. आकडा जुना, पण तो, सुतळी धरणारा चिमटा, आणणारी सुई आणि कापणारे पाते यांच्या वेळा एकमेकांशी अशा जुळविणे की धावत्या यंत्रात दर पेंढीला गाठ पडावी, हे आधी कुणाला साधले नव्हते. सुट्या वस्तू शेजारी शेजारी ठेवणे वेगळे, आणि त्यांच्यातून नवे काम निघणे वेगळे.

हे सगळे ऐकून माझा विद्यार्थी जरा गप्प झाला. मग आम्ही त्याचे यंत्र परीक्षकाच्या डोळ्यांनी पाहिले. दाबपेटी? जुनी. तारेचा पीळ? विदिंग्टनच्या काळचा. टोके एकमेकांत अडकविलेली तार? अमेरिकेत कापसाच्या गासड्यांना तसल्या तारा वापरतात. राहता राहिला विंचू. "एवढं मोठं यंत्र, अन् हातात राह्यला इंचू?" तो म्हणाला. पण माझे मत असे, की दावा करायचा तर तेवढाच करावा. अख्ख्या वावरावर हक्क सांगून काहीच न मिळण्यापेक्षा एका बांधाचा सातबारा पक्का असलेला बरा.

दुसरी अडचण त्याहून नाजूक. त्याला ते यंत्र कृषी प्रदर्शनात मांडायचे होते. मांडवाचे पैसेही भरून झाले होते. अर्जापूर्वी चारचौघांना यंत्र दाखविले, की नवेपणा गेला. सरकारने त्यासाठी खास जाहीर केलेल्या प्रदर्शनाला सवलत असते, सरसकट प्रदर्शनांना नाही. शेतात केलेली वाजवी चाचणी कायदा वर्षभर माफ करतो, एवढाच काय तो दिलासा. शेवटी ठरले, की आधी कच्चे वर्णन मुंबईच्या कार्यालयात दाखल करायचे, तारीख पदरात पाडायची, मग प्रदर्शन. पक्के वर्णन बारा महिन्यांत द्यावे लागते.

या वाचनात मला सगळ्यांत अस्वस्थ करून गेली ती हळदीची हकीकत. १९९५ साली अमेरिकेत जखमेवर हळद लावण्याचे पेटंट दिले गेले. आपल्या वैज्ञानिक व औद्योगिक संशोधन परिषदेने, डॉ. रघुनाथ माशेलकर तिचे प्रमुख असताना, त्याला आव्हान दिले आणि १९९७ साली ते रद्द करविले. पण कशाच्या जोरावर? घरोघरच्या आजीबाईंच्या साक्षीवर नव्हे. तेव्हाच्या अमेरिकन कायद्याला परदेशातला नुसता वापर चालत नसे. छापलेला कागद हवा असे. म्हणून बत्तीस संदर्भ गोळा करावे लागले, आणि त्यांत १९५३ सालच्या एका भारतीय वैद्यक नियतकालिकातला लेखही होता. आपला कायदा याबाबत उदार आहे. एखाद्या समाजातले तोंडी ज्ञानही तो हरकतीसाठी मान्य करतो. तरीही परीक्षक शोधतो तो मुख्यतः छापलेल्यात. जिनातला फिटर, गावचा लोहार, गाडीचा सुतार यांनी शंभर वर्षांत ज्या हजार युक्त्या केल्या, त्या कोणत्या वहीत आहेत? उद्या त्यांतलीच एखादी कुणी आपल्या नावावर लावून घेतली, तर हरकत घेणाऱ्याने पुढे करायचे काय?

या कागदांची भाषा मात्र वाचण्यासारखी असते, हे मी धंद्याचा माणूस म्हणून सांगतो. रिवाज असा, की एक दावा म्हणजे एकच वाक्य. मग ते पानभर का होईना. महानुभावांच्या सूत्रांत असते तशी त्यात शब्दाशब्दाची काटकसर. एक विशेषण जास्त पडले तर हक्क आखडतो, एक कमी पडले तर जुन्या शोधावर जाऊन आदळतो. इतके काटेकोर गद्य आमच्या विद्यार्थ्यांकडून लिहून घ्यावे, असे फार वाटते. पण अर्ज इंग्रजीत किंवा हिंदीत करावा लागतो. मराठीची सोय नाही. जे यंत्र मराठीत सुचले, मराठीत बिघडले आणि मराठीतच शिव्या खात दुरुस्त झाले, त्याचे वर्णन तेवढे मराठीत चालत नाही!

म्हणून आम्ही इंग्रजीत बसलो. विंचवावर दोन रात्री गेल्या. 'हूक' म्हणावे तर बीहेलचा हूक आडवा येतो. 'स्कॉर्पियन' म्हणावे तर परीक्षक हसेल. शेवटी 'तार पकडून फिरणारा घटक' अशा अर्थाचे एक लांबलचक इंग्रजी नाव ठरले, आणि आकृतीत त्याला आकडा मिळाला चौदा. अर्ज गेला. परीक्षा अजून व्हायची आहे. कारखान्यातल्या पोरांना मात्र तो आकडा फार आवडला, हल्ली सकाळी यंत्र सुरू करताना त्यांतला कुणी तरी ओरडतो, "अरे, चौदा नंबरला तेल घाल!"