खेळाडूची साक्ष आणि पूर्णत्वाचा आग्रह

व्हिडिओ गेमच्या परिभाषेत ‘नकाशा’ म्हणजे कागदावरील रेखाटन नव्हे. खेळाडू ज्या कल्पित स्थळात वावरतो, तेथील भिंती, वाटा, उजेड व अडथळे यांची ती संपूर्ण मांडणी होय. या मांडणीविषयी खेळाडू जे सांगतो त्याचे मोल कसे ठरवावे, हा प्रश्न भाषाशास्त्राच्या अभ्यासकास सर्वस्वी अपरिचित वाटू नये. क्षेत्रकार्यात निवेदकाचे बोलणे प्रमाण मानतात. तो तसे का बोलतो याचे त्याने दिलेले स्पष्टीकरण मात्र तपासून पाहावे लागते.

अमेरिकेतील व्हॉल्व्ह या कंपनीने ‘हाफ-लाइफ’ हा खेळ १९९७ मध्ये प्रसिद्ध करावयाचे योजिले होते. परंतु तो समाधानकारक नाही असे आढळल्यावर बहुतेक काम नव्याने हाती घेण्यात आले व परीक्षणाची एक शिस्त घालण्यात आली. बाहेरचा खेळाडू खेळावयास बसे. नकाशाचा कर्ता शेजारी बसून टिपणे घेई. मात्र त्याने एक अक्षरही बोलावयाचे नाही, असा दंडक होता. कर्त्यास उघड वाटणारी वाट खेळाडूस वीस-वीस मिनिटे सापडत नसे. दोन तासांच्या एका बैठकीतून सुमारे शंभर दुरुस्त्या निघत, आणि अशा दोनशेहून अधिक बैठका झाल्या. नोव्हेंबर १९९८ मध्ये खेळ प्रसिद्ध झाला.

या पद्धतीचे मर्म असे की, खेळाडू अडखळला ही वस्तुस्थिती होय; ‘दार मोठे करा’ ही त्याची सूचना म्हणजे केवळ एक उपपत्ती. कदाचित दार पुरेसे मोठे असेल, परंतु उजेड भलत्याच कोपऱ्यात पडल्यामुळे नजर तिकडे वळत असेल. म्हणून तक्रार नाकारू नये, आणि सुचविलेला उपाय जसाच्या तसा स्वीकारूही नये.

पूर्णत्वाच्या आग्रहाचा दोषही येथेच उघड होतो. कर्त्यास वाट ठाऊक असते. ती ठाऊक नसण्याची अवस्था त्याला पुन्हा प्राप्त होत नाही. त्यामुळे ‘निर्दोष झाल्यावाचून दाखवावयाचे नाही’ असे म्हणून एकांतात केलेले परिश्रम बहुधा भलत्याच जागी खर्च होतात. १९९७ मध्येच घोषित झालेल्या ‘ड्यूक न्यूकेम फॉरएव्हर’ची मूळ तांत्रिक बैठक पुढच्याच वर्षी बदलण्यात आली, आणि तो खेळ प्रसिद्ध होण्यास २०११ साल उजाडले.

मग थांबावे केव्हा? नव्या निवेदकाकडून नवे रूप मिळेनासे झाले म्हणजे व्याकरणकार लेखणी खाली ठेवतो. भाषा संपली म्हणून नव्हे. नव्या खेळाडूच्या अडखळण्यातून नवे काही निष्पन्न होईनासे झाले, की नकाशाच्या कर्त्यानेही तेच करावे.